हर्नियाचं ऑपरेशन यशस्वी झालं, हे नक्की कधी म्हणायचं?

गेल्या महिन्यात एमएस सर्जरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय छान होता: इंग्वायनल हर्नियाच्या, म्हणजे जांघेतल्या हर्नियाच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना. मुख्य उद्दिष्ट होतं ‘पुनरावृत्तीचा दर तपासणे’, म्हणजे हर्निया परत किती जणांना होतो ते मोजणे. आणि फॉलोअप? सहा महिने.

मी बाजूला लिहिलं, ‘सहा महिन्यांत काय दिसणार?’ संध्याकाळी त्याचा फोन. “ताई, थीसिसला वेळच तेवढा मिळतो हो. दहा वर्षं कुठून आणू?”

त्याचं म्हणणं खोटं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच अडचण असणार. म्हणून आजचा लेख. मी काही सर्जन नाही. माझी पीएचडी संख्याशास्त्राकडून आरोग्याकडे येणारी आहे, त्यामुळे कुठली शस्त्रक्रिया करून घ्यावी हे मी सांगणार नाही. पण ‘दीर्घकाळाचा परिणाम’ हा शब्द प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी त्याचा अर्थ काय, तो मोजायचा कसा आणि त्यात फसगत कुठे होते, हे सांगू शकते. हर्निया हे त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. आणि त्यातली दोन महत्त्वाची कामं आपल्या महाराष्ट्रातली आहेत, एक तर थेट पुण्यातलं.

आधी माझ्या मामांची गोष्ट

माझे मामा मार्केट यार्डात पोती उचलायचं काम करायचे. जांघेत फुगवटा यायला लागला, खोकलं की वाढायचा, आडवं झालं की आत जायचा. पुण्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. टाके सुकले, महिन्याभराने एकदा दाखवून आले, डॉक्टर म्हणाले उत्तम आहे. विषय संपला.

पाच वर्षांनी त्याच बाजूला फुगवटा परत आला. मामा पहिल्या रुग्णालयात गेले नाहीत. तोवर ते गावी राहायला गेले होते, तिकडच्याच डॉक्टरांकडे दुसरं ऑपरेशन झालं. आता विचार करा, पहिल्या रुग्णालयाच्या कागदांत मामा काय आहेत? ‘फॉलोअपला तक्रार नाही.’ म्हणजे यशस्वी केस. उद्या त्या नोंदींवरून कुणी पेपर लिहिला, तर मामा यशाच्या टक्केवारीत मोजले जाणार. कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही. फक्त कुणी विचारलेलं नाही. हा सगळा लेख या एका वाक्याभोवती आहे.

शस्त्रक्रियेत करतात काय?

थोडक्यात सांगते. पोटाच्या भिंतीत जांघेपाशी एक तिरका बोगदा असतो, इंग्वायनल कॅनल. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणाऱ्या नसा आणि वाहिन्या त्यातून जातात, म्हणून ही जागा मुळातच कच्ची. पुरुषांना आयुष्यात कधीतरी हा हर्निया होण्याची शक्यता साधारण २७ टक्के आणि बायकांना ३ टक्के सांगितली जाते. जगभरात दरवर्षी दोन कोटींच्या आसपास अशा शस्त्रक्रिया होतात. त्यामुळे परिणामातला एक टक्क्याचा फरक म्हणजे दोन लाख माणसं.

इटलीच्या बासिनी यांनी १८८०च्या दशकात भिंतीचे थर ओढून टाक्यांनी शिवायची पद्धत बसवली. अडचण अशी की ओढून शिवलेल्या जागेवर ताण राहतो, आणि ताण असला की कालांतराने ती जागा सैल पडू शकते. मग जाळी आली. अमेरिकेतल्या लिख्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये ताण न देता जाळी बसवण्याच्या पद्धतीचे १००० रुग्ण मांडले. ही पद्धत पुढे जगभर पसरली. जाळीमुळे पुनरावृत्ती कमी होते हे बऱ्यापैकी पक्कं आहे. २००२मध्ये युरोपातल्या एका गटाने ५८ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा जाळी असलेल्यांत सुमारे २ टक्के आणि नसलेल्यांत सुमारे ४.९ टक्के पुनरावृत्ती निघाली.

मग प्रश्न मिटला? नाही. जाळी ही बाहेरची वस्तू आहे, तिला पैसे पडतात, आणि काही जणांना ऑपरेशननंतर जांघेत दुखणं राहतं, अर्थात ते जाळीशिवायही राहू शकतं. इथे आपली दोन उदाहरणं येतात.

पुणे: जाळीशिवायची पट्टी

पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी जाळी न वापरता एक पद्धत मांडली. पोटाच्या सर्वांत बाहेरच्या स्नायूचा जो चिवट पापुद्रा असतो, त्यातलीच एक पट्टी घ्यायची. तिची दोन्ही टोकं मूळ जागी जोडलेलीच ठेवायची, खालची कड जांघेतल्या लिगामेंटला आणि वरची कड स्नायूच्या कमानीला शिवायची. झाली नवी मागची भिंत. कल्पना अशी की पट्टी स्नायूला जोडलेली असल्यामुळे माणूस खोकला, वाकला, ओझं उचललं की स्नायूबरोबर तीही ताणली जाते. म्हणजे भिंत जिवंत राहते. २००१मध्ये ४०० रुग्णांवरचा आणि २००६मध्ये ८६० रुग्णांवरचा अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आला. परिणाम फार चांगले होते.

आता संशोधक म्हणून तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल? ‘ज्याने पद्धत शोधली त्याच्या हातून परिणाम चांगलेच येणार, दुसऱ्याच्या हातून काय?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तो प्रत्येक नव्या पद्धतीला विचारायचाच असतो. कॅनडातल्या शोल्डाइस रुग्णालयाचंही तेच. तिथे वर्षानुवर्षं फक्त हर्नियाच करतात. ओंटारिओ प्रांतातल्या १९९३ ते २००७च्या नोंदी तपासल्या, तेव्हा शोल्डाइसमध्ये परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या थोडं वर होतं, बाकी रुग्णालयांत चार-पाच टक्क्यांच्या आसपास. पण तिथे लठ्ठ रुग्णाला आधी वजन उतरवून यायला सांगतात. मग श्रेय पद्धतीचं, सरावलेल्या हातांचं, की निवडलेल्या रुग्णांचं? तिन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं.

देसरडा पद्धतीची स्वतंत्र परीक्षा पोलंडमध्ये झाली. २०१२मध्ये आलेल्या या चाचणीत २०८ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. १०५ जणांना देसरडा पद्धत, १०३ जणांना लिख्टेनस्टाइनची जाळी. तीन वर्षांनी दोन्ही गटांत पुनरावृत्ती प्रत्येकी दोन. जुनाट दुखणंही जवळपास सारखं.

‘म्हणजे दोन्ही पद्धती सारख्याच!’ असं लगेच लिहू नका. १०० जणांत २ म्हणजे २ टक्के, बरोबर. पण एवढ्या लहान गटात ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली, तर खरा दर पाव टक्क्यापासून जवळजवळ ७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. पाव टक्का आणि सात टक्के यात केवढं अंतर आहे! ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. म्हणूनच हर्नियासर्ज या गटाच्या २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जाळीलाच प्राधान्य आहे, आणि जाळीशिवाय करायचं तर शोल्डाइस पद्धत सुचवलेली आहे. देसरडा पद्धत वाईट ठरली असा याचा अर्थ नाही. आणखी मोठा, आणखी लांबचा पुरावा हवा, एवढाच अर्थ आहे. आणि तो पुरावा गोळा करायला पुण्याहून चांगली जागा कुठली?

दोंडाईचा: मच्छरदाणीची जाळी

दुसरं उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचं. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे प्रश्न होता की शेतकऱ्याला कंपनीची महागडी जाळी परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा विचार केला. योग्य प्लॅस्टिकचं कापड निवडायचं, कापायचं, निर्जंतुक करायचं आणि जाळीच्या जागी वापरायचं. २००३मध्ये इतर ठिकाणच्या सर्जनांसोबत केलेला त्यांचा प्राथमिक अभ्यास इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत आला. (घरातली मच्छरदाणी नव्हे बरं का! कीटकनाशक लावलेली तर मुळीच नाही.)

पुढे याच कल्पनेची कडक चाचणी युगांडात झाली. २०१६मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती आली. ३०२ पुरुष, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, अर्ध्यांना कंपनीची. एकीची किंमत सुमारे १ डॉलर, दुसरीची सुमारे १२५ डॉलर. एका वर्षाने स्वस्त जाळीत एक पुनरावृत्ती, महागड्या जाळीत शून्य. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे तीस टक्क्यांच्या आसपास.

या अभ्यासात मला सर्वांत जास्त काय आवडतं सांगू? वर्षाने ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण परत तपासले गेले. युगांडाच्या ग्रामीण भागात! त्यामुळे कुणी ‘आमच्याकडचे पेशंट फॉलोअपला येतच नाहीत’ म्हणालं, की मी हा आकडा सांगते.

वेळ उत्तर बदलते

आता त्या विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांकडे येऊ. नेदरलँड्समध्ये ३०० रुग्णांची एक चाचणी झाली, टाके विरुद्ध जाळी. तीन वर्षांनी पुनरावृत्ती टाक्यांच्या गटात ७ टक्के, जाळीच्या गटात १ टक्का. त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा निकाल २००७मध्ये आला. टाक्यांचे ७चे १७ टक्के झाले, जाळीचा १ टक्का तिथेच राहिला. सहा महिन्यांवर थांबलो असतो, तर दोन्ही गट डोळ्यांना बहुधा सारखेच दिसले असते.

ऑपरेशन न करण्याचंही तसंच आहे. अमेरिकेत त्रास नसलेल्या किंवा किरकोळ त्रास असलेल्या ७२० पुरुषांवर चाचणी झाली. काहींचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांवर नुसती नजर ठेवायची. २००६मध्ये दोन वर्षांचा निकाल आला. आतडं अडकण्यासारखी तातडीची वेळ फार क्वचित, १००० रुग्ण-वर्षांमागे २हून कमी. नजर ठेवलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. पण पुढे पाहत राहिल्यावर दहा वर्षांत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास जाईल असा हिशोब निघाला. बहुतेकांचं कारण एकच, दुखणं. दोन वर्षांचा निष्कर्ष ‘थांबलं तरी चालतं’, दहा वर्षांचा ‘थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांचं ऑपरेशन शेवटी होतंच’. दोन्ही खरे. प्रश्न कुठल्या मुदतीचा आहे, हे वाक्यात लिहिलं नाही तर मात्र दोन्ही दिशाभूल करतील.

शून्याची किंमत किती?

एक सोपा नियम वहीत लिहून ठेवा. तुमच्या अभ्यासात एकही पुनरावृत्ती नसेल, तर ३ला रुग्णसंख्येने भागा. खरा दर जास्तीत जास्त साधारण तेवढा असू शकतो. ६० रुग्ण आणि शून्य पुनरावृत्ती म्हणजे ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. तुमच्या थीसिसमधलं ‘शून्य टक्के’ आणि दुसऱ्याच्या थीसिसमधलं ‘४ टक्के’ यात मग भांडण उरतच नाही.

पण हा नियम सगळे रुग्ण ठरलेल्या मुदतीपर्यंत तपासले असतील तरच लागू. लिख्टेनस्टाइनच्या त्या १००० रुग्णांतही कुणाला एक वर्ष झालं होतं, कुणाला पाच. ज्याचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं आणि ज्याचं पाच दिवाळ्यांपूर्वी, त्यांना एका टोपलीत टाकून टक्केवारी काढायची नाही. कॅप्लान-मायर आलेख यासाठीच असतो. प्रत्येक रुग्ण जेवढा काळ आपल्या नजरेखाली होता, तेवढ्यापुरताच तो मोजला जातो.

जे आले नाहीत ते

एक काल्पनिक हिशोब करू. २०० ऑपरेशनं. पाच वर्षांनी १२० जण सापडले, त्यांपैकी ३ जणांना हर्निया परत. दर किती?

३ भागिले २०० केलं तर १.५ टक्के. ३ भागिले १२० केलं तर २.५ टक्के. आणि न सापडलेल्या ८० जणांना सगळ्यांनाच परत झाला असं धरलं तर ८३ भागिले २००, म्हणजे ४१.५ टक्के. शेवटचा आकडा अर्थातच टोकाचा आहे. पण पहिला आकडाही टोकाचाच आहे, कारण त्यात न आलेल्या प्रत्येकाला ‘बरा’ धरलंय. फरक एवढाच की पहिला आकडा आपल्याला आवडतो.

न येणारे लोक यदृच्छेने न येत नाहीत, हे लक्षात ठेवा. काही जण एकदम बरे असतात म्हणून येत नाहीत. काही जण माझ्या मामांसारखे, नाराज होऊन किंवा गाव बदलल्यामुळे दुसरीकडे जातात. आणि काहींचा एक दिवसाचा रोज बुडतो. परांड्याहून पुण्याला तपासणीसाठी यायचं म्हणजे एसटीचं भाडं, सोबतीला एक माणूस आणि दोघांची मजुरी. हे तुमच्या प्रपोजलच्या बजेटमध्ये नसेल, तर तुमच्या निकालात ते ‘लॉस्ट टू फॉलोअप’ होऊन बसतं.

काय विचारता त्यावर उत्तर ठरतं

‘पुनरावृत्ती’ तरी कशी मोजणार? स्वीडनमध्ये १९९२पासून हर्नियाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे ‘त्याच बाजूला परत ऑपरेशन झालं का’ हे पाहतात. लाखो नोंदींसाठी ही सोय उत्तम. पण परत हर्निया होऊनही ऑपरेशन न करणारे असतातच, म्हणजे हा आकडा खऱ्याहून कमीच येणार. फोनवर विचारलं तर आणखी वेगळा, डॉक्टरांनी हाताने तपासलं तर वेगळा, सोनोग्राफी केली तर अजून वेगळा. दोन पेपरांतले दर शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कसं मोजलं ते बघा.

फोनवर विचारतानाही भाषा सांभाळा. “काका, बरं आहे ना?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, “हो, बरं आहे.” त्याऐवजी विचारा, “खोकताना किंवा ओझं उचलताना जांघेत फुगवटा येतो का? या ऑपरेशननंतर दुसरीकडे कुठे दाखवलंत का? दुखण्यामुळे एखादं काम सोडावं लागलं का?” यातला तिसरा प्रश्न विसरू नका. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणारं दुखणं साधारण १० ते १२ टक्क्यांना होतं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. रोजचं जगणं अडवणारं दुखणं त्याहून बऱ्याच कमी जणांना. हर्निया परत आला नाही पण माणूस सायकलवर बसू शकत नाही, तर ते ऑपरेशन यशस्वी म्हणायचं का? हे ठरवूनच मुख्य उद्दिष्ट निवडा.

मग सहा महिन्यांत करायचं काय?

मी त्या विद्यार्थ्याला दोन रस्ते सांगितले.

पहिला: सहा महिन्यांत जे खरोखर दिसतं तेच मुख्य उद्दिष्ट ठेव. दुखण्याची पातळी, कामावर किती दिवसांनी गेला, जखमेत पाणी किंवा पू, तीन आणि सहा महिन्यांनी राहिलेलं दुखणं. पुनरावृत्ती नोंदव जरूर, पण ‘लवकरची पुनरावृत्ती’ असं स्पष्ट लिही आणि तिच्यावर निष्कर्ष काढू नको. आणि प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा, शिवाय जवळच्या दोन नातेवाइकांचा नंबर संमतीने लिहून ठेव. तुला नाही, तर तुझ्यानंतर येणाऱ्या ज्युनिअरला पाच वर्षांनी त्याचा उपयोग होईल.

दुसरा: पुढे पाच वर्षं थांबता येत नसेल, तर पाच वर्षं मागे जा. विभागाचं जुनं ओटी रजिस्टर काढ. पाच ते दहा वर्षांपूर्वी ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांची यादी कर, एथिक्स कमिटीची परवानगी घे, आणि त्यांना आज शोधून आज तपास. यात चिठ्ठ्या टाकून वाटणी झालेली नसते, सर्जनने आपल्या मनाने पद्धत निवडलेली असते, त्यामुळे ‘अ पद्धत ब पेक्षा चांगली’ असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण ‘आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसांचं पुढे काय झालं’ याचं उत्तर मिळेल. किती सापडले आणि किती नाही, हे पहिल्याच तक्त्यात लिही.

त्याने दुसरा रस्ता धरलाय. परवा म्हणाला, “ताई, रजिस्टरमध्ये नंबर आहेत, पण लागतील का?” म्हटलं, सगळे नाही लागणार. पण लावून तर बघ. माझ्या मामांचा नंबर गेली बारा वर्षं तोच आहे. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावरही तोच लिहिलेला आहे.